क्राफ्ट बिअरमध्ये एल भरपूर आणि लागर क्वचितच, असं का?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे छोट्या प्रमाणावर स्वतः बिअर करून विकणाऱ्या ठिकाणी, गेलं की फळ्यावर आठ-दहा बिअरची नावं असतात, त्यात लागर एखादीच, तीही कधी असते कधी संपलेली असते, बाकी सगळ्या एल. आणि सोलापुरात परत आलं की दुकानाच्या फ्रिजमध्ये सगळी लागरच. लागर इतकी सर्रास मिळणारी गोष्ट असेल तर क्राफ्टवाले ती का करत नाहीत, आणि चांगली प्यायची असेल तर काय करायचं?

मी ब्रूअर नाही, माझं काम रेफ्रिजरेशनचं. सोलापूर जिल्ह्यात डाळिंब-द्राक्षांची कोल्ड स्टोरेज आणि दुधाचे बल्क कूलर सांभाळतो आणि गेली काही वर्षं पुण्यातल्या दोन मायक्रोब्रुअऱ्यांचे चिलरही बघतो. तिथं टाक्यांशेजारी तासन् तास काढल्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला चवीआधी टाकीत दिसतं.

एल आणि लागर यांतला फरक रंगाचा किंवा कडकपणाचा नाही, यीस्टचा, म्हणजे साखर खाऊन बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा, आणि तापमानाचा आहे. एलचं यीस्ट 18 ते 22 अंशांवर खुशीत काम करतं आणि चार-पाच दिवसांत बहुतेक साखर खाऊन मोकळं होतं. लागरचं यीस्ट वेगळ्या जातीचं, मूळचा संकर. त्याचा थंडी सोसणारा पूर्वज 2011 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात, झाडांवर वाढणाऱ्या गाठींमध्ये सापडला. हे यीस्ट 9 ते 12 अंशांवर सावकाश आंबवतं आणि त्यानंतर बिअर शून्याच्या आसपास कित्येक आठवडे ठेवावी लागते. लागर या जर्मन शब्दाचा अर्थच साठवण, कोठार. आपल्याकडे पूर्वी ज्वारी पेवात उतरवून ठेवायचे, तशी जर्मनीतल्या बव्हेरियात हिवाळ्यात केलेली बिअर डोंगरातल्या तळघरांत बर्फ लावून ठेवायचे. उन्हाळ्यात केलेली बिअर नासते हे त्यांना इतकं ठाऊक होतं की 1553 मध्ये तिथल्या ड्यूकने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर करायलाच बंदी घातली होती. लागरला मराठीत नाव द्यायचं झालं तर मी ठेवणीतली बिअर म्हणेन.

आता हिशोब बघा. एक हजार लिटरची टाकी धरा. पेल एल किंवा गव्हाची बिअर त्यात साधारण सोळा दिवसांत तयार होते, म्हणजे वर्षाला बावीस घाणे निघतात. लागर नीट करायची तर सहा आठवडे, कधी आठ. वर्षाला जेमतेम आठ घाणे. टाकी तीच, भाडं तेच, पगार तेच, आणि ग्लासचा दर मात्र एलइतकाच ठेवावा लागतो. पुण्यातल्या मध्यम मायक्रोब्रुअरीत पाच-सहा टाक्या असल्या तर त्यातली एक लागरने दीड महिना अडवून ठेवणं म्हणजे काय, हे शेअर रिक्षावाल्यालाही समजेल. मोठ्या कारखान्यांचं तसं नाही. त्यांच्याकडे उंच टाक्यांची रांग असते, फिल्टर असतात, काटेकोर नियंत्रण असतं आणि ते लागरही बरीच लवकर बाहेर काढतात. शिवाय प्रत्येक घाणा लाखो लिटरच्या मापाने चालतो, म्हणून आपल्या दुकानात किंगफिशर, टुबोर्ग, बडवायझर अशी लागरच रांगेने दिसते. त्यातल्या स्ट्राँग म्हणून विकल्या जाणाऱ्याही लागरच आहेत, हे अनेकांना ठाऊक नसतं.

दुसरा खर्च थंडीचा, आणि तो माझ्या धंद्याचा म्हणून जरा सविस्तर सांगतो. टाकीला दुहेरी भिंत असते, मधून ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) मिसळलेलं गार पाणी फिरतं. बिअर एक अंशावर धरायची तर ग्लायकॉल उणे तीन-चार लागतो. चिलर आतली उष्णता उचलून बाहेर हवेत टाकतो. बाहेर 24 अंश असले तर हे काम सहज होतं. बाहेर 43 असले तर कंडेन्सरची (चिलरचा उष्णता बाहेर टाकणारा भाग) उष्णता बाहेर जायलाच तयार नसते, प्रेशर चढतं, तेवढाच कॉम्प्रेसर जास्त वीज खाऊन कमी थंडी देतो. आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये मी कोल्ड स्टोरेजवाल्यांना दुपारी दारं उघडू नका म्हणून हात जोडतो ते याचसाठी. एलच्या टाकीला 20 अंश पुरतात, तिचं उन्हाळ्यात निभावतं. लागरच्या टाकीला सहा आठवडे, रात्रंदिवस, एकही दिवस न चुकता थंडी हवी.

चुकली तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मे महिन्यातली गोष्ट. रात्री अकराला पुण्याहून ब्रूअरचा फोन आला, चिलर ट्रिप होतोय. पहाटेची गाडी धरून गेलो. गच्चीवर कंडेन्सरच्या पात्यांत धूळ आणि कबुतराची पिसं गच्च बसली होती, हवा आत जातच नव्हती. धुऊन, मोकळं करून, दुपारपर्यंत चालू केला. एलच्या टाक्यांना काही झालं नाही. लागरची टाकी मात्र आंबायला लागून तिसराच दिवस होता, आणि आंबताना बिअर स्वतःही उष्णता सोडते. काट्यावर 11 होते तिथं 18 झाले होते. ब्रूअरने नमुन्याच्या नळातून थोडी ग्लासात घेतली, वास घेतला आणि मला दिली. नेलपॉलिशसारखा उग्र वास आणि मागे पिकलेल्या केळ्याचा. त्याने तरीही ती तीन आठवडे थंडीत ठेवून बघितली. नंतरच्या फेरीला गेलो तेव्हा टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडून ती गटारात सोडत होता. हजार लिटर जायला बराच वेळ लागतो. तो तिथून हलला नाही, शेवटचा फेस जाईपर्यंत उभा होता. त्याच्या जागी गव्हाची बिअर असती तर केळ्याचा वास चालूनही गेला असता, कारण जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये तो हवाच असतो.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एलमध्ये झाकायला जागा असते. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) जास्त घाला, संत्र्याची साल घाला, धने घाला, कॉफी घाला, यीस्टची फळांसारखी चव असतेच. साध्या फिकट लागरमध्ये पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), थोडे हॉप्स आणि मौन. लोण्यासारखा वास राहिला तर लगेच कळतो, उकडलेल्या मक्याचा किंवा गंधकाचा असला तरी कळतो. लोण्याचा वास जावा म्हणून आंबवण्याच्या शेवटी टाकी दोन-तीन दिवस 16-17 अंशांपर्यंत चढवून मग पुन्हा खाली न्यावी लागते. यीस्टही एलच्या जवळपास दुप्पट घालावं लागतं. पाण्याचंही तसंच. ज्या गावाने पिल्सनर दिली, त्या चेक देशातल्या पिल्झेनचं पाणी अतिशय मऊ. तिथं 1842 मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने पहिल्यांदा सोनेरी रंगाची लागर केली. आमच्या बोअरच्या पाण्याने कूलिंग टॉवरच्या पाइपात बोटभर जाड पांढरी खपली धरते. अशा पाण्याचे क्षार आरओने काढल्याशिवाय पिल्सनरचा विचारही करू नये. खाऱ्या, जड पाण्याला कडवट एल मानवते, इंग्लंडातल्या बर्टनची पेल एल त्याच पाण्यावर नावारूपाला आली.

तिसरं कारण गिऱ्हाइकाचं आहे आणि त्यावर ब्रूअर लोक मनापासून दुखावलेले असतात. दीड महिना राखलेली लागर समोर ठेवली की माणूस घोट घेऊन म्हणतो, ही तर बाटलीसारखीच लागते, मग दुप्पट पैसे कशाला? बेल्जियन विट (गव्हाची एल) किंवा आयपीए (हॉप्स भरपूर असलेली कडवट एल) दिली तर चव एकदम वेगळी, पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. क्राफ्टची चळवळच मुळात कारखान्याच्या एकसारख्या लागरला कंटाळलेल्या लोकांनी उभी केली. इंग्लंडमध्ये 1971 मध्ये पारंपरिक एल वाचवण्यासाठी संघटना निघाली. अमेरिकेत सिएरा नेवाडा ही ब्रुअरी 1980 मध्ये बिअर करू लागली आणि पेल एलवर नावारूपाला आली. बोस्टनच्या सॅम्युअल अ‍ॅडम्सने 1980च्या दशकाच्या मध्यावर लागर घेऊन उतरायचं धाडस केलं, पण तो अपवाद. आपल्याकडे 2009 मध्ये पुण्यात डुलालीने महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी काढली, तेव्हाही लोकांना काहीतरी निराळं द्यायचं होतं. फळ्यावर एलची गर्दी झाली ती अशी.

माझ्या क्षेत्राचा म्हणून एक अभिमान नोंदवतो. आज आपण ज्या यंत्रावर आंबे, दूध, औषधं टिकवतो, त्याला लागरने मोठा हात दिला आहे. कार्ल फॉन लिंडेने 1870च्या दशकात शीतकरणाचं यंत्र विकसित केलं, तेव्हा त्याला म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीने प्रयोगासाठी जागा दिली. तळघर आणि बर्फाच्या भरवशावर असलेल्यांना बारा महिने थंडी हवी होती. उन्हाळ्यातही लागर होऊ लागली ती त्यानंतर. पुढे 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवायची पद्धत बसवली आणि कारखान्यांना दर वेळी सारखी लागर करता येऊ लागली.

आता तुमच्या कामाचं. सोलापुरात दुकानातून घेत असाल तर आधी नाव बघू नका, तारीख आणि जागा बघा. दारात उन्हात रचलेल्या क्रेटमधली बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तरी तिची चव परत येत नाही. मी एका दुकानातून अशी पेटी घेऊन पस्तावलो होतो, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागत होती. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेपेक्षा तपकिरी काच बरी, आणि कॅन सगळ्यांत बरा, कारण उजेडाने हॉप्स बिघडून कुबट वास येतो. फिकट लागरला तो लपवता येत नाही. क्राफ्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅनवर काय छापलं आहे तेही वाचा. बिरा या ब्रँडचंच उदाहरण घ्या, त्यांची व्हाइट ही गव्हाची एल आणि ब्लाँड ही लागर. दोन्ही शेजारी ठेवून, एकाच तापमानाला, एकदा पिऊन बघा. वर मी जे लिहिलंय ते जिभेला दहा मिनिटांत समजेल.

ताजी, न गाळलेली, पाश्चराइज न केलेली लागर मात्र केगमधून (बिअरच्या धातूच्या पिंपातून), जिथं झाली तिथं किंवा तिच्या जवळच प्यावी. ती 250 किलोमीटर सोलापूरला आणायची तर सगळा रस्ता थंडीत यावी लागेल, आणि मे महिन्यात हायवेवर ते सोपं नाही. पुण्यात गेलात की वेटरला “ही टाकीत किती दिवस होती?” एवढंच विचारा. ज्यांनी मनापासून केली आहे ते आकडा लगेच सांगतात, ब्रूअर असला तर तोच बाहेर येऊन सांगतो. पाच आठवड्यांच्या वरचं उत्तर आलं तर बिनधास्त घ्या. हेलेस, पिल्सनर, डंकेल, मेर्झन, बॉक ही लागरचीच नावं आहेत. यातली डंकेल गडद असते, माल्टची भाजलेली गोडी असते, आणि तिच्याबरोबर आपली शेंगाचटणी आणि कडक भाकरी इतकी जमते की मी पुण्याला जाताना चटणीची पुडी बरोबर नेतो.

लागर नसलीच तर कोल्श मागा. यीस्ट एलचं, पण नंतर थंडीत ठेवलेली, जर्मनीतल्या कोलोनची. चार-पाच आठवडे न अडकवता लागरसारखी स्वच्छ चव देते म्हणून अनेक ब्रूअर तीच करतात. हेफेवाइझन, म्हणजे गव्हाची बिअर, जर्मन असली तरी ती एल आहे, त्यात फसू नका.

डिसेंबर ते फेब्रुवारीत बाहेरची हवा गार असते, चिलरवर ताण कमी असतो. माझ्या ओळखीचे ब्रूअर लागरला टाकी देतात ती बहुतेक याच दिवसांत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऑक्टोबरफेस्टच्या, म्हणजे म्युनिकच्या बिअर-उत्सवाच्या, निमित्तानेही काही जण मेर्झन काढतात. ज्याने ती हजार लिटर गटारात सोडली, त्याने डिसेंबरमध्ये पुन्हा हेलेस लावली, मी त्याआधी कंडेन्सर स्वतः धुऊन आलो. 47 दिवसांनी पहिला ग्लास त्याने मला दिला. पावाच्या कडेसारखी चव, मागून हलका कडवटपणा आणि मग काहीच नाही, जीभ स्वच्छ. पुढच्या आठवड्यात फोन केला तर ती संपलेली होती. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा, आणि परत यायचं असेल तर गाडी चालवायला दुसरा कोणी ठेवा किंवा रेल्वेचं तिकीट काढा.