फोटो वाटीचा नको, बोक्याचा

सप्रेम आशीर्वाद.

दिवाळीत सहा दिवस दापोलीला चाललायस, बोक्याला बोर्डिंगमध्ये ठेवू की घरीच, असं विचारलंस. घरीच ठेव. कुत्रा माणसाचा, मांजर घराचं. कोथरूडच्या फ्लॅटमधली सोफ्यामागची फट त्याला तुझ्याहून जवळची आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.

शेजारच्या काकू दोन्ही वेळा येतील म्हणतोस, उत्तमच. फक्त 'खाणं ठेवा' एवढंच सांगून निघू नकोस. मी तेच केलं होतं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात होतो तेव्हा. चार दिवस गणपतीपुळ्याला गेलो, शेजारी रोज फोनवर सांगायचे, "वाटी चाटूनपुसून साफ!" परत आलो तर मनी माळ्यावर, हंड्यामागे, अंग चोरून बसलेली, बरगड्या हाताला लागत होत्या. वाटी साफ करत होता गल्लीतला एक कानफाटका बोका, मोरीच्या खिडकीतून येऊन. डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून लठ्ठ असलं, तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि जिवावर बेततं. 'भूक लागली की खाईल' हा हिशेब मांजराला लागू नाही.

म्हणून काकूंना सांग, रोज बोका डोळ्यांनी बघायचा. दिसला नाही तर शोधायचा. फोटो पाठवायचा तो त्याचा, वाटीचा नाही.

लिटर, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू, रोज उपसायचं आणि लघवीचे गोळे किती निघाले ते तुला कळवायचं. काकू हसतील, हसू देत. बोक्यांची लघवी तुंबू शकते. तो लिटरमध्ये जाऊन कुंथतोय आणि गोळा एकही नाही, असं दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, एक-दोन दिवसांत जीव जातो. तुझ्या डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेव की काकू आणतील, पैसे तू देशील. रात्री चालू असलेल्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर लाव. बोक्याला न्यायचा कॅरिअर माळ्यावर टाकू नकोस, हॉलमध्ये उघडा ठेव.

लक्ष्मीपूजनाला संध्याकाळची फेरी अंधार पडायच्या आत उरकायला सांग. फटाक्यांच्या आवाजात दार उघडलं की बोका जिन्यात पसार. कपाटाचा खालचा कप्पा मोकळा ठेव, त्यात तुझा न धुतलेला टी-शर्ट टाक. दूध नाही म्हणजे नाही. काकू मायेनं देतील, पण बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, आणि जुलाब मग त्यांनाच पुसावे लागतील.

निघायच्या आधीच्या रविवारी तू बाहेर जा आणि काकूंना एकटीनं एक फेरी मारू दे. कुलूप अडकतं का, खाण्याचा डबा सापडतो का, सगळं तेव्हाच कळेल.

येताना काकूंना आमसुलं आण. फराळ नको, दिवाळीत तो सगळ्यांकडेच उरलेला असतो.

तुझा,
काका