नव्या विश्वासणाऱ्याने सुरुवात कुठून करावी

बायबलमधलं २ पेत्र १:५-७ (पेत्राचं दुसरं पत्र, पहिला अध्याय, वचनं ५ ते ७) उघडा. विश्वासात सात गोष्टींची भर घालायला तिथे सांगितलंय: सात्त्विकता, ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम, प्रीती. बरेच जण इथूनच कंबर कसतात आणि लवकरच थकतात, कारण त्याच अध्यायातलं तिसरं वचन वाचलेलंच नसतं. सुभक्तीसाठी लागणारं सगळं देवाच्या सामर्थ्याने आधीच दिलंय, असं ते सांगतं. म्हणून आधी मागा, मग झटा.

सातही एकदम धरू नका. रागीट असाल तर इंद्रियदमन घ्या. रात्रीच्या प्रार्थनेत 'माझ्या पापांची क्षमा कर' एवढ्यावर भागवू नका. 'दुपारी बायकोला तोडून बोललो' असं नेमकं कबूल करा, आणि झोपण्याआधी तिचीही माफी मागा. खरं जड जातं ते हे दुसरंच. उपवासाचं नंतर बघता येईल.