वाचकांचे प्रश्न : पेटीचे दुकान आणि पियानोचे काम

पियानोच्या देखभालीविषयी या सदरात लिहिल्यानंतर मराठवाड्यातून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख वाद्यापेक्षा ते दुरुस्त करणाऱ्याच्या शिक्षणाकडे आणि उदरनिर्वाहाकडे आहे. त्यांपैकी चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : लातूरला माझे पेटीदुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. काम वडिलांकडून शिकलो. सूर मिळवणे, भाता बदलणे, पट्ट्या नव्याने बसवणे हे सर्व मी करतो. मध्यंतरी एका शाळेने त्यांचा जुना उभा पियानो पाहण्यासाठी बोलावले. मी तो उघडला, आतला पसारा पाहिला आणि पुन्हा बंद केला. वयाच्या चौतिसाव्या वर्षी हे काम रीतसर शिकता येईल का?

उत्तर : पियानो उघडून पुन्हा बंद करण्यात आपण शहाणपणाच दाखवला आहे. पेटीवर तयार झालेला कान ही आपली मोठी पुंजी आहे, मात्र पेटीवर तयार झालेला हात पियानोवर बराचसा नव्याने घडवावा लागतो. पेटीत पितळी पात्याचे टोक किंचित घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो, आणि एकदा मिळवलेले पाते पुष्कळ दिवस आपली जागा सोडत नाही. पियानोच्या ८८ पट्ट्यांमागे साधारण २२० ते २३० तारा असतात, कारण मधल्या व वरच्या सप्तकांत एकेका स्वराला तीन-तीन तारा असतात, आणि या सर्वांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. हा ताण लोखंडी चौकट पेलते खरी. परंतु तार जिच्याभोवती गुंडाळलेली असते ती पिन लाकडी ठोकळ्यात केवळ घट्ट बसल्यामुळे टिकून असते.

नवशिक्याची खरी परीक्षा या पिनेपाशीच होते. पाना फिरवला की पिनेचे वरचे टोक आधी पिळले जाते, लाकडातला भाग मागाहून हलतो, आणि टेकूच्या पलीकडची तार त्याहूनही उशिरा आपला ताण घेते. म्हणून सूर लागला असे समजून पाना काढून घेतला, तर पट्टीवर चार जोरकस आघात होताच तोच सूर उतरतो. तार हवी त्यापेक्षा किंचित वर नेऊन, पट्टीवर ठोके देत देत तिला जागेवर बसवण्याची ही कला सांगून येत नाही. माझ्या मते, एखादा जुना, मोडीत निघालेला पियानो स्वतःच्या दुकानात आणून त्याच्यावर शंभर वेळा तरी हात चालवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या वाद्याला पाना लावू नये.

कानालाही थोडे वेगळे वळण द्यावे लागेल. तंबोऱ्याचा पंचम मिळवताना आपण लाट (दोन स्वर नेमके जुळले नसता ऐकू येणारी आवाजाची चढउतार) पूर्ण थांबेपर्यंत खुंटी फिरवतो. पियानोत तसे करून चालत नाही, कारण बारा स्वरांत सप्तक सारखे वाटून द्यायचे असते आणि त्यासाठी प्रत्येक षड्ज-पंचमाची जोडी एका अर्धस्वराच्या सुमारे पन्नासाव्या भागाने आकुंचित ठेवावी लागते. ‘ए’ स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर घेतला, तर मधल्या ‘सी’च्या खालच्या ‘एफ’ आणि ‘ए’ या जोडीत सेकंदाला जवळजवळ सात लाटा ऐकू आल्या पाहिजेत. ज्या लाटा घालवण्यात आपले आयुष्य गेले, त्या मोजून ठेवायच्या, हे पेटीवाल्याला प्रथम अवघडच वाटते. पण महिना-दोन महिन्यांच्या रोजच्या सरावात हे अंगवळणी पडते. ट्यूनिंग जमले म्हणजे काम संपले असेही नाही. हातोडी तारेपासून किती अंतरावर असावी, आघाताच्या ऐन क्षणी ती कोठे सुटावी, पट्टी किती खोल दाबली जावी (ही खोली साधारण दहा मिलिमीटर असते), आणि हातोडीवरचा नमदा (दाबून केलेला लोकरीचा जाड थर) कडक झाला असता सुयांनी टोचून तो मऊ कसा करावा, हा अभ्यासाचा दुसरा आणि माझ्या दृष्टीने अधिक रंजक भाग आहे.

कोठे शिकावे, याविषयी. बोस्टनच्या नॉर्थ बेनेट स्ट्रीट स्कूलसारख्या संस्थांत हा विषय पूर्णवेळ शिकवला जातो, परंतु तेथवर जाण्याचा खर्च आपल्याला झेपावा अशी अपेक्षा मी करणार नाही. मुंबई किंवा पुण्यातील एखाद्या जाणत्या तंत्रज्ञाकडे, वर्षातून दोन-तीन वेळा पंधरा-पंधरा दिवस राहून उमेदवारी करणे आणि मधल्या काळात लातुरात सराव करणे, हा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. अभ्यासक्रम म्हणून अमेरिकेतील पियानो टेक्निशियन्स गिल्ड या १९५७ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या परीक्षेची रचना डोळ्यांसमोर ठेवावी. तिचे लेखी, ट्यूनिंग आणि दुरुस्ती-जुळणी असे तीन भाग असून तिन्ही उत्तीर्ण झालेल्यासच नोंदणीकृत तंत्रज्ञ म्हटले जाते. परीक्षेला न बसताही आपण कोणत्या भागात कच्चे आहोत, हे त्या रचनेवरून कळते. पेटीचे दुकान मात्र बंद करू नका. आपल्या भागात नुसत्या पियानोवर घर चालणार नाही.

प्रश्न : मी परभणीत संगीताचे वर्ग चालवते. मोबाईलवर सूर दाखवणारी ॲप्स मिळतात. पाना विकत घेऊन पियानो मीच का लावू नये?

उत्तर : ॲप सूर दाखवते, पिन बसवत नाही. तीन तारांपैकी दोन नमद्याच्या पाचरीने दाबून एकच तार मोकळी ठेवावी लागते, उरलेल्या दोन नंतर तिच्याशी कानानेच मिळवल्या जातात, आणि अननुभवी हाताने पिन मागेपुढे फार हलवली तर ठोकळ्यातील छिद्र सैल होते. ते दुरुस्त करण्याचा खर्च काही वर्षांच्या ट्यूनिंगइतका होऊ शकतो. शिकाऊ तंत्रज्ञाने यंत्राची मदत अवश्य घ्यावी, पण कानाने लावलेल्या कामाची पडताळणी म्हणून. आपण एवढेच करा की उन्हाळ्यात कूलरचा झोत पियानोवर येऊ देऊ नका. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत असते. दिवसा कूलरने खोली दमट होते, रात्री तो बंद केला की पुन्हा कोरडी पडते, आणि या ओढाताणीत साउंडबोर्डचे, म्हणजे तारांचा आवाज वाढवणाऱ्या फळीचे, लाकूड फुगते-आकसते व त्याबरोबर सूरही सरकतात. खोलीतील आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली, तर वाद्य सुरात अधिक काळ टिकते.

प्रश्न : पुण्यात तीन वर्षे उमेदवारी करून मी छत्रपती संभाजीनगरला परतलो आहे. हातात काम आहे, पण हिशेब जमत नाही. जालन्याला किंवा नांदेडला जाऊन आलो की दिवस जातो आणि गिऱ्हाईक म्हणते, “दोन तासांचे एवढे पैसे?” दर कसा ठरवावा?

उत्तर : आपल्या गुरूंनी पाना धरायला शिकवले आणि पावती लिहायला शिकवली नाही, ही या व्यवसायाची जुनीच तक्रार आहे. दर तासावर न ठरवता दिवसावर ठरवा. समजा, घर आणि व्यवसाय मिळून महिन्याला ४०,००० रुपये लागतात आणि प्रत्यक्ष कामाचे दिवस सोळाच मिळतात. तर एका दिवसाने २,५०० रुपये आणले पाहिजेत, प्रवासखर्च वेगळा. नांदेडला एकाच पियानोसाठी गेलात तर हा सगळा भार एका गिऱ्हाइकावर पडतो आणि त्याचे कुरकुरणे अगदीच चुकीचे म्हणता येत नाही. तेथील तीन वाद्ये दोन दिवसांत लावली, तर प्रवास तिघांत वाटला जातो. म्हणून आधी वही करा. कोणत्या गावात कोणाकडे कोणते वाद्य आहे, शेवटचे ट्यूनिंग कधी झाले, तेव्हा ते किती उतरलेले होते, हे सर्व तीत असावे. आणि फेरीच्या तीन आठवडे आधी प्रत्येकाला फोन जावा.

फेऱ्यांचे दिवसही हवामानाने जवळजवळ ठरवूनच दिलेले आहेत. पावसाळ्यातील दमटपणा ओसरून हवा स्थिरावते ती दिवाळीनंतर. त्याच सुमारास चर्चना नाताळापूर्वी आणि शाळांना स्नेहसंमेलनापूर्वी वाद्य सुरात हवे असते. दुसरी फेरी उन्हाळा कडक होण्याआधी, फेब्रुवारीत ठेवा. आषाढी आणि गणेशोत्सवापूर्वीचे महिने भजनी मंडळांच्या पेट्यांना द्या, म्हणजे हात रिकामे राहणार नाहीत.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून बहुतेक भांडणे होतात. कित्येक वर्षे न लावलेला पियानो अर्धा स्वरही उतरलेला असू शकतो. तो वर ओढताना एका भागाचा ताण वाढला की दुसरा भाग उतरतो, त्यामुळे आधी एकदा ढोबळ आणि मग पुन्हा बारीक असे दोनदा काम करावे लागते, शिवाय गंजलेली तार तुटण्याचा संभव असतो. हे पाना लावण्यापूर्वी कागदावर लिहून, त्याचा वेगळा दर सांगून, गिऱ्हाइकाची सही घ्या. मी स्वतः सुरुवातीला संकोचापोटी हे टाळले आणि तुटलेल्या तीन तारा पदरच्या पैशांनी घातल्या. तारा जुन्या होत्या हे त्या गृहस्थांना शेवटपर्यंत पटले नाही. ओळखीच्या माणसाला सवलत द्यायची असल्यास पावतीवर पूर्ण रक्कम लिहून तिच्यातून वजा करा, म्हणजे पुढच्या वेळी सवलतीचा आकडा हाच दर ठरणार नाही.

प्रश्न : मी बीडचा. पियानो-पेटी दुरुस्तीसाठी सरकारी योजनेतून अवजारे मिळतील का?

उत्तर : १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत सुतारकाम आहे, वाद्यदुरुस्ती नाही. त्यामुळे आपण मुळात सुतारकाम करीत असाल तरच त्या वाटेने जावे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) ऑनलाइन व विनाशुल्क होते, ती आधी करून घ्या, कारण कर्जासाठी बँकेत गेल्यावर ती उपयोगी पडते. सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असेतो जीएसटी नोंदणीची साधारणतः गरज नसते. हिशेब, दरपत्रक आणि प्रकल्प अहवाल शिकण्यासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राकडे चौकशी करावी. त्याचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरलाच आहे. अवजारांविषयी माझा सल्ला असा की पाना चांगल्या प्रतीचा घ्या आणि पिनेवर नीट बसणारे त्याचे टोक तपासून घ्या; नमद्याच्या पाचरी व पट्ट्या घरीही कापता येतात.