व्यसन असलेल्या माणसाला श्वसनाच्या साथीचा धोका खरंच जास्त असतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: धाकटा भाऊ रोज पितो, सिगारेटही ओढतो. कोविडसारखी साथ पुन्हा आली तर त्याला इतरांपेक्षा जास्त धोका आहे का, की डॉक्टर उगाच घाबरवतात?

धोका जास्त आहे. पण ‘व्यसनाने प्रतिकारशक्ती कमी होते’ एवढं सांगून लोक मोकळे होतात, ते मला पटत नाही. मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. कोविडच्या काळात मात्र हा विषय रोजचाच होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आकडे. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ७ कोटी ३० लाख रुग्णांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या नोंदींत व्यसनाचं निदान झालेले होते १०.३ टक्के, पण कोविड झालेल्यांत त्यांचं प्रमाण होतं १५.६ टक्के. कोविड झाल्यावर दगावण्याचं प्रमाण व्यसन असलेल्यांत ९.६ टक्के आणि नसलेल्यांत ६.६ टक्के. यात फक्त कागदावर आलेलं व्यसन धरलंय हे लक्षात घ्या. लपवलेलं व्यसन कुठल्याच आकड्यात येत नाही.

या अभ्यासात सगळ्यात वर होते अफूजन्य पदार्थ, म्हणजे हेरॉइन आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या. वर्षभरात हे निदान झालेल्यांना कोविड होण्याची शक्यता जवळजवळ दहापट निघाली. त्यानंतर तंबाखू. अफूजन्य पदार्थ मेंदूच्या तळाशी श्वासाची लय ठरवणाऱ्या भागावरच काम करतात. श्वास मंदावतो, उथळ होतो, खोकलाही दबतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की एरवी माणूस घुसमटून जोरात श्वास घेतो. ती जाणीवच बोथट होते. त्यात न्यूमोनिया झाला तर शरीराकडे सावरायला जागा उरत नाही. आणखी एक घोळ असतो. हा पदार्थ मिळाला नाही की नाक गळतं, अंग मोडून येतं, घाम फुटतो, जुलाब होतात. ‘माल मिळाला नाही म्हणून होतंय’ असं समजून खरा ताप अंगावर काढणारे बरेच.

सिगारेटचं बहुतेकांना ठाऊक असतं. श्वासनलिकेतले बारीक केस झाडूसारखे कफ वर ढकलत असतात, धुराने ते लुळे पडतात. २०२० मध्ये ‘सिगारेट ओढणाऱ्यांना कोविड कमी होतो’ अशा बातम्या आल्या होत्या आणि त्या अजूनही मला ऐकवल्या जातात. मरणाच्या दारात आलेल्या रुग्णाची सिगारेटची सवय केसपेपरवर नीट लिहिली जात नाही, हे त्यामागचं एक साधं कारण. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मे २०२० ला स्पष्ट सांगितलं की धूम्रपान करणाऱ्यांत आजार गंभीर होण्याची शक्यता जास्त असते.

दारूचा आणि फुप्फुसाचा संबंध लोकांच्या लक्षातच येत नाही. सगळं लिव्हरवर ढकललं जातं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या फुप्फुसातलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य खूप घटतं आणि जंतू गिळणाऱ्या पेशी मंदावतात. नशेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत उतरण्याची भीती वेगळीच. एआरडीएस, म्हणजे फुप्फुसात पाणी भरून ऑक्सिजन मिळेनासा होणं, हीच कोविडमधली सर्वांत भयंकर अवस्था होती. १९९६ मध्ये, कोविडच्या कितीतरी आधी, अमेरिकेत अतिदक्षता विभागातल्या ३५१ रुग्णांवर एक अभ्यास झाला होता. दारूचं जुनं व्यसन असलेल्यांपैकी ४३ टक्क्यांना एआरडीएस झाला, बाकीच्यांपैकी २२ टक्क्यांना. आणि दारूने विषाणू मरतो म्हणणाऱ्यांसाठी: २०२० च्या सुरुवातीला इराणमध्ये याच अफवेपायी मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची दारू पिऊन शेकडो लोक मेले.

मेथॅम्फेटामिन या उत्तेजक नशेच्या पदार्थाने फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदय थकतं. गांजाचा धूर हा शेवटी धूरच.

आता मला जे खरं सांगायचंय ते. ऑक्टोबर २०२१ मध्ये, वरच्या अभ्यासातल्याच काही संशोधकांनी लस घेतलेल्यांकडे पाहिलं. लशीनंतरही कोविड होण्याचं प्रमाण व्यसन असलेल्यांत ७ टक्के आणि नसलेल्यांत ३.६ टक्के होतं. मात्र जुने आजार आणि आर्थिक-सामाजिक परिस्थिती सारखी असलेली माणसं शेजारी ठेवून तुलना केल्यावर गांजाचा गट सोडता हा फरक उरला नाही. म्हणजे धोक्याचा मोठा भाग व्यसनासोबत येणाऱ्या दम्यात, मधुमेहात, हृदयविकारात, दाटीवाटीच्या निवाऱ्यात आणि उशिरा केलेल्या उपचारात आहे. हा उशीर मी जवळून पाहिलाय. ‘डॉक्टर आधी शिव्या घालतील’ म्हणून माणूस धाप लागेपर्यंत घरी बसतो, आणि गेल्यावरही पिण्याचं सांगत नाही.

हे न सांगणं फार महागात पडतं. रोज पिणारा वॉर्डात भरती झाला की दारू एकदम बंद होते. काही तासांत हात थरथरायला लागतात आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, झटके येऊ शकतात. डॉक्टरांना माहीत नसेल तर हा भ्रम ऑक्सिजन कमी पडल्याचा धरला जातो आणि उपचार भलतीकडेच जातात. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर दिलं जाणारं मेथाडोन हे औषध चालू असेल तर तेही सांगावंच लागतं, कारण ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं आणि काही अँटिबायोटिकंही तेच करतात.

भावापुरतं बोलायचं तर साथीची वाट पाहू नका. फ्लूची आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणारा एक जंतू) लस त्याला केव्हा द्यायची ते विचारून घ्या. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी, धाक दाखवून एका दिवसात बंद करू नका. ती डॉक्टरांच्या देखरेखीत, औषधांच्या आधारानेच सोडवायची. दवाखान्यात नेताना रोज किती पितो आणि शेवटचा पेग कधी घेतला, हे तुम्ही स्वतः सांगा, आणि त्याच्यासमोर उपदेश न करता सांगा. सिगारेट मात्र आजपासून बंद केली तरी चालते. चिडचिड होईल, झोप उडेल, पण त्यात जिवाला धोका नाही. निकोटिनचं च्युइंगगम किंवा पॅच हाताशी असला तर पहिले आठवडे जरा सोपे जातात.