जुन्या गाडीचा वॉटर पंप मिळेना, काय करू?

प्रश्न: माझ्याकडे १९५०च्या दशकातली गाडी आहे, वॉटर पंप गळतोय, रेडिएटरही कुजलाय आणि पार्ट कुठेच मिळत नाहीत. आता?

उत्तर: आधी एक सांगतो, जुना पंप भंगारात टाकू नका! बॉडीला तडा नसेल तर तोच रिबिल्ड होतो, कारण खराब होतं ते सील आणि बेअरिंग, आणि ती गाडीच्या नावावर नाही तर मापावर मिळतात, म्हणून शाफ्टचा व्यास, बेअरिंगचं बाहेरचं माप, सीलची उंची व्हर्नियरने मोजून घ्या आणि मगच शोधायला निघा. इम्पेलर, म्हणजे पंपातला पाणी ढकलणारा पंखा, गंजून झिजला असेल तर तोही बदला, नाहीतर पाणी नीट फिरणारच नाही. रेडिएटरचं तसंच, वरची-खालची पितळी टाकी ठेवून मधला कोअर (पाणी थंड करणारी जाळी) नवा बसवून घेता येतो. होस पाइप आतल्या व्यासावर आणि वळणावर जुळवा, थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारा व्हॉल्व्ह) व्यास आणि उघडण्याच्या तापमानावर.

आणि हो, रेडिएटरची कॅप! नवीन गाड्यांची १५ पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) आसपासची कॅप बसते म्हणून लावू नका, जुन्या सिस्टीम बऱ्याचदा ४ किंवा ७ पीएसआयच्या असतात, जास्त दाबाने सांधे उघडतील. मॅन्युअलमधला आकडाच घ्या.