घरात जागा कमी आहे. माथेरानच्या गाडीचं छोटं मॉडेल करता येईल का? सुरुवात कुठून करू?

करता येईल, पण आधी ‘नेरळ ते माथेरान’ हे डोक्यातून काढून टाका. तुम्ही लिहिलंय की दोन बाय चार फुटांची एक फळी बसेल एवढीच जागा आहे, आणि त्यावर नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, बोगदा, अमन लॉज सगळं हवंय. जरा हिशोब करा. लाइन साधारण २० किलोमीटरची. मॉडेलवाल्यांचं सगळ्यांत चालतं माप म्हणजे एचओ, १:८७, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीवा भाग. त्या मापात ती २३० मीटर होते, आणि खालून वरपर्यंतचा चढ आठ मीटरच्या पुढे जातो. सोसायटीचा अख्खा जिना मागावा लागेल.

तेव्हा एकच जागा निवडा. मी असतो तर स्टेशनसुद्धा घेतलं नसतं. डोंगर कापून काढलेलं एक वळण, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा आणि लाइनीच्या कडेला एखादी पत्र्याची टपरी. गाडी दरडीमागून येते, चार डबे दिसतात न दिसतात तोच पुढच्या झाडीत शिरते. गाडी लपायला जागा असली की छोटी फळीही मोठी वाटते, आणि माथेरानच्या लाइनीवर अशी वळणं पावलोपावली आहेत. चढ मात्र खरा १:२०, म्हणजे वीस फुटांमागे एक फूट, ठेवू नका. छोटी इंजिनं हलकी असतात, चाकं जागच्या जागी फिरत राहतात. रूळ जवळजवळ सपाट ठेवा आणि बाजूची जमीन तिरकी करा. बघणाऱ्याला चढच दिसतो.

आता माप. बहुतेक जण आधी इंजिन विकत घेतात आणि मग अडकतात, म्हणून हे नीट वाचा. माथेरानचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन फूट, म्हणजे ६१० मिमी. १:८७ मध्ये तो ७ मिमी होतो, आणि त्या रुंदीचे रूळ सहज मिळत नाहीत. मिळतात ते एन गेजचे ९ मिमीचे आणि एचओचे १६.५ मिमीचे. मग माप रुळांवरून ठरवायचं. गाडी चालती हवी असेल तर १:७६ घ्या आणि ९ मिमीचे रूळ टाका. ब्रिटनमधले नॅरोगेजवाले वर्षानुवर्षं हेच करतात, त्याला ‘डबल ओ नाइन’ म्हणतात. गेज एक मिलिमीटर जास्त होतो, पण कुणी पट्टी घेऊन बसत नाही. या रुळांचं वळण ९ इंच त्रिज्येचंही चालतं, म्हणजे दोन फूट रुंदीत पूर्ण गोल बसतो. गाडी नुसती उभी राहिली तरी चालणार असेल तर १:३५ घ्या, रूळ १६.५ मिमीचे. गेज जास्त अचूक बसतो, आणि लष्करी मॉडेलांची माणसं, पिंपं, खोकी याच मापात भरपूर मिळतात. सैनिकाची बंदूक कापून डोक्यावर बोचकं दिलं की हमाल तयार. फक्त १६.५ मिमीच्या रुळांचा सगळ्यांत छोटा गोलही ७० सेंटीमीटरच्या पुढे जातो, तुमच्या फळीवर मावणार नाही.

माथेरानचाच हट्ट नसेल तर एक सुचवतो. बार्शी लाइट आणि विदर्भातली शकुंतला या दोन्ही जुन्या गाड्या अडीच फुटी, ७६२ मिमीच्या होत्या. त्याला ८७ ने भागा: पावणेनऊ. म्हणजे एन गेजच्या रुळांवर ही गाडी एचओ मापात जवळजवळ तंतोतंत बसते, आणि एचओतली माणसं, बैल, खांब सगळं तयार मिळतं. मूर्तिजापूर-यवतमाळ लाइनीवरचं एखादं छोटं स्टेशन, काळी माती, दोन बाभळी, कापसाच्या गाठी लादलेली बैलगाडी. दरड नाही, बोगदा नाही. नवख्या माणसाला हे माथेरानपेक्षा सोपं आहे. बार्शी लाइटचं पंढरपूर करू नका. वारीची गर्दी दाखवायला जेवढी माणसं विकत आणाल तेवढ्यात दुसरं इंजिन येईल.

माती खरीच वापरा. माथेरानची लाल माती रंगाच्या डबीतून येत नाही. पिशवीभर जांभ्याची माती कोकणातून कुणाकडूनही मागवता येते. ती तव्यावर भाजून घ्या म्हणजे किडे-बिया मरतात, मग चहाच्या गाळणीने आणि शेवटी जुन्या ओढणीतून चाळा. त्यानंतर कागदात गुंडाळलेलं चुंबक तिच्यातून फिरवा. जांभ्यात लोह असतं, त्यातले काही कण चुंबकाला चिकटतात, आणि तेच उद्या इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात. माती पसरली की आधी पाण्याचा हलका फवारा, मग फेविकॉलमध्ये तिप्पट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडायचं. साबण नसला तर थेंब मातीवर गोळा होऊन बसतो. वाळल्यावर रंग मुळापेक्षा गडद दिसतो, म्हणून एका पुठ्ठ्यावर आधी करून बघा.

टपरीचा पत्रा घरीच होतो, आणि विकतच्यापेक्षा चांगला. खऱ्या नालीदार पत्र्याच्या दोन नाल्यांत साधारण ७६ मिमी अंतर असतं, म्हणजे १:७६ ला एक मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात ६ मिमीची आटेवाली सळई मिळते, तिच्या आट्यांतलं अंतर बरोबर एक मिलिमीटर. (एचओ करणार असाल तर ५ मिमीची घ्या, तिचं ०.८ असतं.) हॉटेलातून पार्सल येतं त्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा तळ कापा, माऊसपॅडवर ठेवा आणि सळई दाबून एकदाच लाटण्यासारखी फिरवा. रेघा किंचित तिरक्या उमटतात, कारण आटे तिरके असतात. तुकडा रेघांच्या दिशेने कापला की प्रश्न मिटला. गंजाला खडूची पूड आणि थोडी तीच लाल माती.

झाडांना जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळून खोड करा, वर घोसाळ्याची जाळी. वाळलेल्या गवताला सुतळी बारीक कापा. ऋतू मात्र सुरुवातीलाच ठरवा. मे महिना असेल तर धूळ आणि करडं गवत. पावसाळा असेल तर सगळं हिरवंगार, पण मग गाडी अमन लॉजच्या खालच्या लाइनीवर दाखवू नका. नेरळहून येणारी गाडी पावसाळ्यात बंद असते, चालते ती फक्त अमन लॉज-माथेरान शटल. जाणकार पहिल्यांदा तेच विचारतील. आणि माथेरान गावाचा देखावा करणार असाल तर घोडे आणि हातरिक्षा ठेवा, मोटारी नकोत.

इंजिन विकत मिळण्याची वाट बघू नका. एन गेजचं छोटं शंटिंगचं इंजिन घ्या, कवच काढा, त्याच्यावर प्लास्टिकच्या शीटचं स्वतःचं कवच बसवा. डिझेल सोपं, सगळा चौकोनी मामला. वाफेचं करायचं असेल तर ओरेनस्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीच्या माथेरानवरच्या मूळ इंजिनांपैकी ७४० नंबरचं इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या नॅरोगेजवर आहे, आणि इंग्रज हौशी लोकांनी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढलेत. वायरिंगचं टेन्शन नको, एका गोलाला दोन तारा आणि एक कंट्रोलर.

फळी एमडीएफची घेऊ नका, मुंबईच्या पावसात फुगते. प्लायवूड घ्या आणि दोन्ही बाजूंनी रंग मारा. एकाच बाजूला मारलात तर वाकते. डोंगरासाठी थर्माकोल चालेल, पण त्यावर स्प्रेचा रंग मारू नका, विरघळतो. पाण्यात मिसळणारेच रंग वापरा. पुण्याला जाणं झालं तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या. तिथे ब्रॉडगेजसारख्या मोठ्या गाड्यांचा थाट आहे, पण गाडी कुठे लपवलीय आणि कुठून बाहेर काढलीय एवढ्यावरच लक्ष ठेवा. परत आल्यावर फळीचं कागदावर चित्र काढा आणि इथे टाका, रूळ मागवायच्या आधी.