फर्ग्युसनला आर्ट्स घ्यावं का? घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर आणि तुझ्या भीतीबद्दल थोडं

तुझे दोन प्रश्न आहेत. बार्शीहून पुण्याला येऊन फर्ग्युसनमध्ये बी.ए. करायचं म्हटल्यावर घरचे विचारतात, "तिथल्या आर्ट्सवाल्यांनी असं काय करून दाखवलंय?" आणि तुला स्वतःला वाटतंय, मराठी माध्यमातून आलेली मी तिथल्या वातावरणात टिकेन का? मी तिथूनच तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलं आणि पुढेही पुण्यातच राहिले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरच्यांना पंतप्रधान झालेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं सांगू नकोस. त्यांना आगरकर सांग. १८८५ साली कॉलेज निघालं तेव्हा ते चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी अगदी तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं शिकवायचं व्रत घेतलं होतं. गोखल्यांनी पंच्याहत्तर रुपयांवर ते पुरं केलं. आगरकर चाळिशीही न गाठता १८९५ मध्ये गेले, तेव्हा ते प्राचार्य होते आणि त्याच काळात 'सुधारक' या आपल्या वृत्तपत्रातून समाजाशी भांडतही होते. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा आहे. संस्कृतचे विद्यार्थी तो आजही उघडतात. कॉलेज चालवता चालवता एवढं काम उभं राहिलं, हे मला त्या इमारतींपेक्षा मोठं वाटतं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र धर्मानंद कोसंबींचं. गोव्यातल्या साखवळचा हा माणूस बौद्ध धर्म शिकायचा म्हणून घर सोडून निघाला, श्रीलंका आणि ब्रह्मदेशापर्यंत गेला, आणि १९१२ पासून सहा वर्षं फर्ग्युसनमध्ये पाली, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांची भाषा, शिकवत होता. पाली घेऊन नोकरी कुठे लागणार, हे तेव्हाही लोक विचारतच असतील. पण पु. वि. बापटांसारखे पालीचे मोठे अभ्यासक त्यांच्याच हाताखाली तयार झाले. आणि घरी मुलीच्या शिक्षणाचा मुद्दा निघाला तर इरावती कर्वे सांग. हुजूरपागा शाळेतून फर्ग्युसन, १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवी, पुढे मुंबईत समाजशास्त्र, बर्लिनमध्ये डॉक्टरेट, आणि मग सगळा महाराष्ट्र पायाखाली घालत केलेलं मानववंशशास्त्राचं काम. त्याची सुरुवात बी.ए.पासूनच झाली होती.

आता आजचं. लेक्चर, असाइनमेंट, इंटर्नल हे सगळं होतंच, त्यावर फार लिहीत नाही. तुला घडवणार आहे ती लेक्चर संपल्यानंतरची दुपार. पहिल्या वर्षी नाटकाच्या ग्रुपच्या ऑडिशनला जा, रंगमंचाची भीती वाटत असेल तरीही जा. १९६३ पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या फेऱ्या भरत नाट्य मंदिरात लागतात आणि "अरे आव्वाज कुणाचा" ही आरोळी तिथे ऐकल्याशिवाय पुण्यातलं कॉलेज कळत नाही. त्या तासाभराच्या एकांकिकेमागे दीड-दोन महिन्यांच्या तालमी असतात. कुणी संहिता खोडून पुन्हा लिहितं, कुणी रंगमंचावरच्या लेव्हल्स (लाकडी चौथरे) उचलतं, कुणी फक्त प्रॉम्प्टिंग करतं. त्या तालमींत बोलायला आणि ऐकून घ्यायला जेवढं शिकायला मिळतं, तेवढं वर्गात मिळालेलं मी पाहिलेलं नाही. तिथलं परीक्षण कडक असतं. २०२२ मध्ये एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची वाटली नाही म्हणून परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. पुष्कळांना तेव्हा राग आला. मला तो निर्णय मुलांचा मान राखणारा वाटला, कारण त्यांच्याकडून खरी अपेक्षा होती. गाणं, नाच, चित्रकला यातलं काही येत असेल तर फिरोदिया करंडक या दुसऱ्या कॉलेज स्पर्धेच्या टीममध्ये शिर, तिथे या सगळ्या कला एकाच संहितेत गुंफायच्या असतात.

नाटक नकोच असेल तर एन.एस.एस. (राष्ट्रीय सेवा योजना) घे किंवा विभागाचं भित्तिपत्रक घे. एकच काहीतरी धर, पण तीन वर्षं सोडू नकोस. दर महिन्याला नव्या स्पर्धेचं प्रमाणपत्र गोळा करणारी मुलं शेवटी फाइल भरून बाहेर पडतात आणि मुलाखतीत "यातलं तुम्ही नेमकं काय केलं?" असं विचारलं की अडखळतात.

आणि कॉलेजची बाई जेरबाई वाडिया लायब्ररी. पहिल्याच आठवड्यात कार्ड काढ. इंग्रजीची भीती घालवायला मी दुसरा उपाय सांगू शकत नाही: वर्गात जो विषय चालू आहे त्यावरचं मराठी पुस्तक आधी वाचायचं, मग इंग्रजी, आणि रोज एक पान स्वतःच्या शब्दांत लिहून सरांना किंवा मॅडमना दाखवायचं. मराठी माध्यमाच्या मुलीनं असं स्वतःहून विचारलेलं शिक्षकांना आवडतं. आजूबाजूची मुलं सफाईदार इंग्रजी बोलतात म्हणून त्यांना विषय जास्त कळतो असं समजू नकोस. त्याशिवाय अर्थशास्त्राची गोखले इन्स्टिट्यूट शेजारीच आहे, प्राच्यविद्येची भांडारकर संस्थाही लांब नाही. तिथली जाहीर व्याख्यानं चुकवू नकोस, तिकीट नसतं.

स्पर्धा परीक्षेचं घरून दडपण येणार, हे गृहीत धर. पण एफ.वाय.ला, म्हणजे पहिल्याच वर्षी, क्लास लावू नकोस, असं माझं ठाम मत आहे. क्लासच्या वेळा सांभाळताना तालीम, लायब्ररी, व्याख्यानं सगळं सुटतं आणि मग फर्ग्युसनला येऊन उपयोग काय? इतिहास, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र मनापासून केलंस तर त्या परीक्षेचा पाया आपोआप घातला जातो. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचीही सोय आहे, तेव्हा घाई कसलीच नाही.

पैशांचं घरी आधीच बोलून घे. हॉस्टेलच्या जागा कमी आणि मागणी प्रचंड, त्यामुळे प्रवेश मिळाला की त्याच दिवशी हॉस्टेलचा अर्ज भर. नाही मिळालं तर कॉट बेसिसवर, म्हणजे कुणाच्या खोलीत एक कॉट भाड्याने घेऊन, राहावं लागेल आणि मेसचा खर्च वेगळा. विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना आहे, तिची चौकशी प्रवेश घेतानाच कर, लाजू नकोस. फॉर्म भरताना विषयांच्या जोड्यांत अडकलीस तर तुझे पर्याय इथेच लिही, मी उत्तर देईन.